मागच्या गाडीच्या वाट्याची हवा

फॉर्म्युला वन या मोटार-शर्यतींच्या सर्वोच्च श्रेणीत गाड्या एकमेकींच्या निकट धावाव्यात यासाठी नवे तांत्रिक नियम आले की चर्चा बहुधा पंखांची मापे आणि इंजिनाची शक्ती यांभोवतीच फिरते. परंतु पुढची गाडी आपल्यामागे कशी हवा सोडते, हा त्या नियमांपुढील मूळ प्रश्न आहे.

गाडीचे पंख आणि तळ हवेच्या प्रवाहाला असे वळवतात की गाडी रस्त्यावर दाबली जाते, आणि वळणावर तिला धरून ठेवणाऱ्या या बलाला डाउनफोर्स म्हणतात. मात्र ते निर्माण करताना भोवऱ्यांनी घुसळलेली हवा मागे सोडली जाते आणि तिच्यात शिरलेल्या गाडीचे डाउनफोर्स घटते. 2022 चे नियम आखताना मांडलेल्या गणनेनुसार ही घट 20 मीटर अंतरावर जुन्या गाड्यांत सुमारे 35 टक्के होती, तर नव्या आराखड्यात ती अवघी 4 टक्के अपेक्षित होती. आरंभी पाठलाग खरोखरच सुकर झाला. पुढे मात्र संघांनी पुढील पंखाच्या कडा आणि चाकांजवळील भाग अशा रीतीने घडवले की हवा पुन्हा बाहेर फेकली जाऊ लागली आणि मागच्या चालकाची अडचण परतली.

2026 च्या नियमांनी चाकांच्या आसांमधील कमाल अंतर 3600 वरून 3400 मिलिमीटर आणि रुंदी 2000 वरून 1900 मिलिमीटर केली, 2011 पासूनची डीआरएस, म्हणजे मागच्या गाडीलाच पंख उघडू देणारी सवलत, रद्द केली आणि एका सेकंदाच्या आत असलेल्या पाठलागकर्त्याला जादा विद्युतशक्ती देऊ केली. हे बदल स्वागतार्ह असले तरी जादा शक्ती सरळ रस्त्यावर कामी येते, आणि जो चालक वळणावरच मागे पडतो त्याला ती शक्ती मिळवण्याइतके जवळ राहणेही कठीण जाते.

एकाने मागे सोडलेले दुसऱ्याच्या वाट्याला येते तेव्हा नियम कसा तपासावा, याबाबत तारापूर औद्योगिक वसाहतीचा अनुभव बोलका आहे. तेथील कारखान्यांचे सांडपाणी सामुदायिक प्रक्रिया केंद्रातून नवापूरच्या समुद्राकडे जाते आणि प्रक्रिया अपुरी राहिली की त्याची झळ किनाऱ्यावरील मच्छीमारांना बसते. म्हणूनच मांगेला या मच्छीमार समाजाच्या संघटनेने 2016 मध्ये हे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे नेले. कारखान्यात कोणती यंत्रणा बसवली आहे, यापेक्षा बाहेर काय पडते आणि ते ज्याच्या वाट्याला येते त्याचे काय होते, हीच नियमाची खरी कसोटी असते.

हीच कसोटी शर्यतीच्या नियामक संस्थेने, म्हणजे एफआयएने, स्वीकारावी. प्रत्येक गाडीच्या संगणकीय आराखड्यामागे एक प्रमाण गाडी 10 आणि 20 मीटरवर ठेवून तिच्या डाउनफोर्समधील घट मोजावी, ती जाहीर करावी आणि ठरलेली मर्यादा ओलांडणाऱ्या संघाला हंगामातच आकार बदलायला लावावा. संगणकातील हवा आणि प्रत्यक्ष धावपट्टीवरील हवा सारखी नसते, हा आक्षेप रास्त आहे; परंतु 2022 चे नियमही अशाच दोन गाड्यांच्या गणनेवर उभे राहिले होते, आणि जी गणना नियम लिहिण्यास पुरेशी ठरली ती त्यांचे पालन तपासण्यासही आधार देऊ शकते. अभियंत्यांच्या प्रतिभेलाही त्यामुळे बांध पडणार नाही, कारण मागे सोडलेल्या हवेची मर्यादा पक्की झाली की सुट्या भागांवरील अनेक बंधने सैल करता येतील. मागच्या चालकाचा हक्क नियमपुस्तकात आकड्यानिशी नोंदवला गेला, तरच निकटची शर्यत संघांच्या सोयीवर अवलंबून राहणार नाही.