नियम आहे, पाना नाही

पन्नास वर्षांवरील मोटारगाड्यांच्या स्वतंत्र नोंदणीचा नियम केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये जाहीर केला, ही गोष्ट स्वागतार्ह होय. गाडीचा सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी त्यातील अट आहे. परंतु मूळ रूप राखावयाचे, तर दुरुस्तीची मूळ हत्यारेही हवीत, याचा विचार झालेला दिसत नाही.

जुन्या इंग्रजी मोटारींचे नटबोल्ट बहुधा व्हिटवर्थ मापाचे असत. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचविलेल्या या मापात पान्यावरील आकडा बोल्टाच्या डोक्याचा नसून दांड्याच्या व्यासाचा असतो. मिलिमीटरचा पाना त्यावर नीट बसत नाही. जोर लावताच कोपरे झिजतात. योग्य पुलर नसला की हातोडा चालतो आणि भाग तडकतो. अशी गाडी पनवेल–रोहे मार्गावरील जिते गावी बंद पडली, तर मिस्त्री मिळेलही. हत्यारासाठी मात्र मुंबईचा चोर बाजारच धुंडाळावा लागेल.

देशी गाड्यांवरही हीच वेळ येणार आहे. कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीची टॅक्सीदेखील ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. जाणत्या मिस्त्रींच्या निवृत्तीबरोबर त्यांची हत्यारे भंगारात जातील. शासनाने ती विकत घेऊन प्रत्येक जिल्ह्यातील एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ठेवावीत, विद्यार्थ्यांकडून त्यांबरहुकूम नवी घडवून घ्यावीत आणि अनामत घेऊन ती वापरावयास द्यावीत. खर्च थोडा आहे. विलंब मात्र परवडणारा नाही.