जुळवून कोणी घ्यायचे?



मधुमेहाचा मनावरचा ताण मोजणारी ‘पेड’ प्रश्नावली अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झाली. तिच्या प्रचलित रूपात २० प्रश्न आहेत. प्रत्येकाला ० ते ४ गुण, बेरजेला सव्वाने गुणायचे. १०० पैकी ४० किंवा अधिक म्हणजे ताण गंभीर.

मी ती भरली. पथ्य, अपराधीपणा, घरच्यांची साथ, सारे त्यात आहे. पण इन्सुलिन घेऊनही सगळ्यांची पाने उठेपर्यंत उपाशी कोण थांबते? लग्न ठरताना आजार कोणाला लपवावा लागतो? हे प्रश्न आपणच जोडायला हवेत. नाहीतर वाढलेल्या गुणांचा अर्थ एवढाच लावला जाईल: बाईला जुळवून घेता येत नाही. घराने किती जुळवून घेतले, तेही मोजूया.