जागलीचा वारसा आणि झोपेचा हक्क

स्मरणिकेसाठी येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी आम्ही गेली अनेक वर्षे वाचत आलो आहोत. त्यांत एक गोष्ट हमखास असते: रात्र रात्र जागून केलेला अभ्यास. त्यामागचे कष्ट खरे आहेत आणि त्यांविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु याच विद्यार्थ्यांपैकी कित्येकजण आज चाळिशी-पन्नाशीत भेटतात, तेव्हा हलक्या आवाजात वेगळेच सांगतात, “सर, अंथरुणावर पडतो, पण डोळा लागत नाही.” नोकरी आहे, घर आहे, मुले शिकत आहेत, आणि झोप मात्र हरवलेली आहे. यंदाच्या अंकात या हरवलेल्या झोपेविषयी लिहावे, असे आम्ही ठरविले.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस प्रथम आठवतो तो गावाच्या वेशीवरचा वेसकर. महार वतनाच्या व्यवस्थेत वेशीची राखण, वर्दी पोहोचविणे, सरकारी कामासाठी कोणत्याही प्रहरी हजर होणे, हे आपल्या पूर्वजांच्या वाट्याला आले होते. गाव निर्धास्त झोपावे म्हणून आपली माणसे जागत होती. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले, ते रात्रंदिवस राबविणाऱ्या या बंधनाविरुद्धच होते. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणाऱ्या १९४६ च्या कायद्याची पायाभरणी त्यांच्याच कारकिर्दीत झाली. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळी संपवून घरी परतणाऱ्या कामगाराच्या विश्रांतीमागे हा इतिहास उभा आहे.

तरीही दर १४ एप्रिलला आपण मुलांना बाबासाहेबांचे अठरा तासांचे वाचन सांगतो आणि त्यांनी इतरांसाठी मिळविलेली विश्रांती सांगावयाची विसरतो. सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम वर्षातून एकदा अभिवादन म्हणून शोभतो. तो रोजचा दिनक्रम होऊ शकत नाही. मधुमेहाने आणि मज्जातंतूंच्या विकाराने जर्जर झालेल्या देहाने ते अखेरच्या रात्रीपर्यंत ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेचे कागद जवळ ठेवून काम करीत राहिले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, आपल्याला सोडून गेले. ते जागले ते आपल्यावरचे सक्तीचे जागरण संपावे म्हणून. त्या जागरणाची नक्कल करणे म्हणजे त्यांचे अनुयायी होणे नव्हे.

येथे स्वतःची एक चूक कबूल करणे आम्हांस आवश्यक वाटते. वसतिगृहाची जबाबदारी आमच्याकडे असताना सकाळच्या वंदनेत डुलक्या घेणाऱ्या एका मुलास आम्ही आठवडाभर उभे राहण्याची शिक्षा दिली होती. आळशी समजून दिली. पुढे कळले की त्याच्या वडिलांवर कर्ज होते. ते काही बरेवाईट करतील या भीतीने तो पोरगा रात्री डोळ्याला डोळा लावीत नव्हता. आपल्या जिल्ह्यात अशी भीती निराधार नसते, हे आम्हांला माहीत असावयास हवे होते. त्याला विचारण्यास दोन मिनिटे लागली असती. आम्ही विचारले नाही.

भगवान बुद्धांनी हे विचारणे जाणले होते. महामोग्गलानांना ध्यानात डुलक्या येत, तेव्हा त्यांनी सात उपाय सांगितल्याची नोंद अंगुत्तर निकायात आहे. डोळ्यांवर पाणी मारावे, ताऱ्यांकडे पाहावे, चंक्रमण करावे. आणि एवढे करूनही झोप जात नसेल, तर उजव्या कुशीवर झोपावे. त्याच ग्रंथात हत्थक आळवकाची कथा आहे. ऐन थंडीत पानांच्या अंथरुणावर राहिलेल्या बुद्धांना तो विचारतो, सुखाने झोप लागली काय? उत्तर होकारार्थी येते. बंद कवाडांच्या महालात मऊ गादीवर पहुडलेला माणूसही लोभ, द्वेष आणि मोह यांनी पोळत असेल तर झोपू शकत नाही, हे ते त्याला समजावून देतात.

मात्र हा उपदेश आपण अर्धवट वापरू नये. ज्याला झोप येत नाही त्याचे मन मलिन आहे, असा त्याचा अर्थ नाही. सोयाबीन आणि हरभरा रानडुकरे व रोही यांच्यापासून वाचविण्यासाठी जागलीला जाणारा शेतकरी, रात्रीच्या वीजपुरवठ्यावर ओलीत करणारा बाप, मे महिन्यात टिनाच्या छपराखाली तळमळणारी आई, यांची झोप परिस्थितीने हिरावली आहे. तेथे उपदेश नव्हे, व्यवस्था बदलावी लागते. दिवसा वीज मागणे हीसुद्धा झोपेची मागणी आहे.

परिस्थिती सुधारली तरी ज्यांची झोप परतत नाही, त्यांच्यासाठी आधुनिक वैद्यकाचे सांगणे सोपे आहे. झोप ओढून आणता येत नाही. तिच्या वाटेतील अडथळे दूर करता येतात. रात्री झोप लागो वा न लागो, सकाळी उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी आणि उठल्यावर उजेडात जावे. शरीरातील घड्याळ प्रकाशावर चालते. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. अंथरूण झोपेसाठीच ठेवावे. अंदाजे वीस मिनिटांत डोळा लागला नाही, तर कूस बदलीत पडून न राहता उठावे, मंद प्रकाशात काही साधे वाचावे आणि पापण्या जड झाल्या की परतावे. घड्याळाकडे पाहू नये. चहातील कॅफीन निम्मे उतरण्यास सुमारे पाच तास लागतात, म्हणून दुपारी चारनंतरचा चहा टाळावा. उद्याच्या काळज्या संध्याकाळीच वहीत उतरवून वही मिटावी. मोबाईल उशाशी नको. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, परंतु उत्तररात्री ती मोडते. पंचशीलातील पाचवे शील येथेही उपयोगी पडते.

आनापानाचा सराव असणाऱ्यांनी श्वासाकडे पाहावे, पण झोप मिळविण्याचे हत्यार म्हणून नव्हे. झोपेसाठी झगडणे हेच जागे राहण्याचे कारण होऊन बसते. मैत्रीभावनेचे अकरा लाभ सांगताना सुखाने झोपणे हा पहिला मानला आहे. दिवसभरात ज्याच्याशी वाजले त्याच्याविषयी निजताना मन मोकळे करणे, एवढी सुरुवात पुरे.

आठवड्यातून तीन रात्री आणि सलग तीन महिने असेच चालले, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. घोरताना श्वास अडत असेल तर त्याहून आधी. गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. विचार आणि सवयी बदलणारी उपचारपद्धती दीर्घ निद्रानाशावर प्रथम वापरावी, असे वैद्यकच सांगते. मन खचले असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. तो फिरविण्यात कमीपणा नाही.

शेवटी आपल्या वसतिगृहाविषयी. १३ ते १८ वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, आणि या वयात ती निसर्गतःच उशिरा येते. दहाला दिवे मालवून पहाटे साडेचारला घंटा वाजविणारी शाळा त्या मुलांकडून रोज किमान दीड तास उसने घेते आणि परीक्षेत ते व्याजासह मागते. पहाटेची घंटा साडेसहावर न्यावी, परीक्षेच्या दिवसांतही दहानंतर अभ्यासिका बंद ठेवावी, आणि वर्गात डुलकी घेणाऱ्या मुलास शिक्षेपूर्वी रात्र कशी गेली हे विचारावे, अशी आमची संस्थेस विनंती आहे. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी ही मागणी उचलून धरावी.

ज्यांच्या पूर्वजांनी इतरांच्या झोपेची राखण केली, त्यांच्या मुलांना निवांत झोप मिळावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

जय भीम!