नातवाचा फोन लागत नाही तेव्हा

नातू अमेरिकेतील ड्रम कोरमध्ये, म्हणजे ढोल व पितळी वाद्यांच्या संचलन-पथकात, उन्हाळी दौऱ्यावर निघाला की घरातील ज्येष्ठांचा जीव फोनपाशी अडकतो. तिथे दिवसभर उन्हात सराव, रात्री बसप्रवास, मुक्काम शाळेच्या व्यायामशाळेत. मुले बहुधा शंभरावर, चार्जिंगच्या जागा मोजक्या. फोन लागला नाही म्हणजे अनर्थ घडला, असे नव्हे. निघण्यापूर्वीच ठरवावे : रोज निजताना एका ओळीचा निरोप. तेथील पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे 10 वाजतात, तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसात. सोबत पॉवर बँक द्यावी, तिच्यावर नाव लिहावे. पथकाच्या व्यवस्थापकांचा क्रमांक कागदावर लिहून आपल्या औषधांच्या डब्यापाशी ठेवावा आणि निरोपासाठी रात्र जागवू नये.