आटवलेल्या गाईची गव्हाण

गाय आटली की तिचा खुराकही आटतो. हिरवा मका आणि सरकी पेंड दुभत्या गाईपुढे. आटवलेलीच्या गव्हाणीत कडबा, नाहीतर उसाचं वाढं. दूध नाही तर पेंड कशाला? हिशेब चोख दिसतो, पण त्याची वसुली गाय व्याल्यावर होते.

व्यायच्या आधीचे आणि नंतरचे तीन-तीन आठवडे गाईला सर्वांत जड जातात. पोटातलं वासरू वाढत असतं, कास भरू लागते आणि नेमका तेव्हाच तिचा चारा कमी होतो. मग अंगावरची चरबी वितळते. ती जाळताना पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे कण भरमसाट तयार होतात. त्यांना आवरणारं ई जीवनसत्त्व वाळल्या चाऱ्यात फारसं उरलेलं नसतं, आणि गाईच्या अंगातलं बरंचसं चिकात उतरतं. कण वाढतात आणि त्यांना आवरणारं कमी पडतं, यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

याचा पहिला फटका पांढऱ्या पेशींना. वार सुटते ती या पेशींच्या जोरावर. त्या दुबळ्या पडल्या की बारा तास उलटले तरी वार लोंबतच राहते. मग कुणी तिला वीट बांधतो, कुणी हात घालून ओढतो. हा शुद्ध अघोरीपणा आहे. तुकडे आत राहतात, पिशवी सडते, गाय महिनोन्‌महिने गाभ धरत नाही. सडांची राखणही याच पेशींकडे, त्यामुळे पाठोपाठ दगडी होते. आपण मात्र दोष देतो नजरेला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००१ साली साठवलेल्या चाऱ्यावरच्या आटलेल्या गाईला रोज सुमारे १००० युनिट ई जीवनसत्त्व वरून द्यायला सांगितलं. दुभतीला त्याच्या निम्मंच. आपली गव्हाण नेमकी उलटी भरलेली असते.

जोडीला सेलेनियमही लागतं. पण म्हणून दुकानातून इंजेक्शन आणून टोचू नका. गरज आणि विष यांत इथे अंतर थोडं. पंजाबात होशियारपूर-नवांशहर पट्ट्यात जमिनीतल्या जादा सेलेनियमने जनावरांचे खूर गळल्याची नोंद आहे. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

तुमच्या गोठ्यात व्यायला महिना उरलेली गाय असेल, तर आजपासून हिरव्या मक्यातला वाटा तिला द्या. लसूणघास मात्र बेतानेच, त्यातल्या कॅल्शियमने व्याल्यावर दूधज्वराचा धोका वाढतो. आणि वार अडकलीच, तर हात न घालता डॉक्टरांना फोन करा.