जपानी शिकताय? मग इंग्रजीला जरा बाहेर बसवा

'होशीई' म्हणजे 'वाँट' असं घोकणाऱ्या तमाम आयटीवाल्यांनो, घरात मराठी असताना ही इंग्रजीची कुबडी कशाला? 'वाँट' क्रियापद, 'होशीई' विशेषण. आपलं 'हवा-हवी-हवं' त्याच्या कितीतरी जवळचं. मला चहा हवा, तसं 'ओचा गा होशीई'. चहाला सहसा कर्माचा 'ओ' लागत नाही, 'गा' लागतो, तो म्हणूनच.

खरी मजा दुसऱ्याने काही करावं असं वाटतं तेव्हा. 'कारे नि किते होशीई': त्याने यावं असं मला वाटतं. आता नकार घ्या. 'कोनाइदे होशीई' म्हणजे त्याने येऊ नये असं वाटतं. 'किते होशिकुनाई' म्हणजे त्याने यावं असं वाटत नाही. पहिल्यात 'बाबा रे, नको येऊस' डोकावतं, दुसऱ्यात नुसती नाखुशी. इंग्रजी या दोन्हींना सहसा एकाच वाक्यात कोंबते, आणि आपण वर 'जपानी फार अवघड राव' म्हणून गळे काढतो! हा फरक तर आपल्याकडे शेंबडं पोरही करतं.

पावसाचंही तेच. 'आमे गा यांदे होशीई'. इथे 'नि' नाही, कारण पावसाला विनंती कोण करणार? आपणही 'पाऊस थांबावा' म्हणतोच की.

मराठी दगा देते ती एकाच ठिकाणी. 'तुम्ही फाईल पाठवावी असं वाटतं' हे आपल्याला अदबशीर वाटतं. पण तोक्योच्या क्लायंटला 'ओकुत्ते होशीई देस' लिहिलंत, तर ते हुकूम सोडल्यासारखं वाटू शकतं. तिथे 'ओकुत्ते इतादाकेमासेन का' लिहायचं, म्हणजे पाठवण्याची कृपा आमच्या पदरात पडेल का, असं विचारायचं.