नोंद नसेल तर जमीनही नाही

२५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस पाडण्यात आले. बाबासाहेबांच्या चळवळीची वृत्तपत्रे जिथे छापली गेली तो हा छापखाना. आम्ही संतापलो, जुलैत हजारोंनी मुंबईच्या रस्त्यावर उतरलो. ते बरोबरच केले.

त्याच्या आदल्याच दिवशी, २४ जूनला, अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा यांनी न्यूयॉर्कमधला स्टोनवॉल परिसर, ७.७ एकर, राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला. १९६९ मध्ये समलिंगी आणि ट्रान्स माणसांनी पोलिसांच्या छळाविरुद्ध उठाव केला तो हा परिसर. तिकडे एका तिरस्कृत समाजाची जागा जपली गेली, इकडे आमची रातोरात भुईसपाट झाली. हा फरक कशाने पडला?

ओबामा दयाळू होते म्हणून, असे कुणी म्हणेल. आम्हाला ते मान्य नाही. सत्ताधाऱ्यांच्या दयेने कुणालाही जमीन मिळत नसते. त्या समाजाने आपले कागद जपले होते, हे खरे कारण आहे. ते कसे, हे सॅन फ्रान्सिस्कोच्या उदाहरणावरून नीट कळते.

सॅन फ्रान्सिस्को हे शहरही आहे आणि काउंटीही, म्हणजे महापालिका आणि जिल्हा एकच. तिथल्या टेंडरलॉइन या गरीब वस्तीत टर्क आणि टेलर या रस्त्यांच्या कोपऱ्यावर कॉम्प्टन्स नावाचे रात्रभर चालणारे उपाहारगृह होते. ट्रान्स स्त्रियांना दुसरीकडे कुणी काम देत नसे, घर भाड्याने देत नसे. पुरुषाने बाईचा पोशाख घालणे हा त्या शहरात १८६३ पासून १९७४ पर्यंत गुन्हा होता. ऑगस्ट १९६६ मध्ये एका रात्री पोलीस नेहमीप्रमाणे धरपकड करायला आले, आणि एका ट्रान्स स्त्रीने हातातली कॉफी पोलिसाच्या तोंडावर फेकली. काचा फुटल्या, रस्त्यावर झुंज झाली. स्टोनवॉलच्या तीन वर्षे आधीची ही गोष्ट.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या बड्या वर्तमानपत्रांनी एक ओळही छापली नाही. पोलिसांचे त्या काळचे दप्तर शिल्लक राहिले नाही. उठावाची नेमकी तारीख आजही कुणाला सांगता येत नाही. प्रस्थापितांच्या लेखी ती रात्र घडलीच नव्हती.

मग ती परत सापडली कुठे? १९७२ च्या प्राइड मिरवणुकीसाठी निघालेल्या एका पुस्तिकेत त्या उठावाबद्दल थोडा मजकूर होता. तो इतिहासकार सुसान स्ट्रायकर यांच्या हाती लागला तो जीएलबीटी हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहात. ही संस्था १९८५ मध्ये सुरू झाली. सरकारी अनुदानाने नव्हे, तर समलिंगी समाजाची साप्ताहिके, पत्रके, पोस्टर जमवून घरात ठेवणाऱ्या साध्या माणसांच्या धडपडीतून. एड्सने रोज माणसे मरत होती, आणि माणूस गेला की त्याच्या खोलीतले कागद कचऱ्यात जात होते. ते कागद या लोकांनी उचलले. त्या मजकुराच्या धाग्याने स्ट्रायकर यांनी हयात साक्षीदार शोधले आणि २००५ मध्ये माहितीपट आला.

पुढे त्याच भागात मार्केट स्ट्रीटवर एका बिल्डरचा मोठा प्रकल्प आला. संघटनांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांच्या हातात केवळ घोषणा नव्हत्या. इथे आमचा इतिहास घडला, हा घ्या पुरावा, असे त्यांना म्हणता आले. बिल्डरला तडजोड करून निधी द्यावा लागला. २०१७ मध्ये तिथे कायद्याने मान्य झालेला ट्रान्सजेंडर सांस्कृतिक विभाग उभा राहिला. त्याच्या संस्थापक तीन कृष्णवर्णीय ट्रान्स स्त्रिया आहेत. एका जुन्या पुस्तिकेतला मजकूर जमिनीच्या आराखड्यापर्यंत असा पोचला.

लढाई संपली असे मात्र नाही. ज्या इमारतीत तो उठाव झाला, तिथे पुढे खाजगी तुरुंग चालवणाऱ्या कंपनीचे केंद्र आले. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये स्टोनवॉल स्मारकाच्या सरकारी संकेतस्थळावरून 'ट्रान्सजेंडर' हा शब्दच काढून टाकण्यात आला. सरकार जे देते ते सरकार पुसूही शकते. जनतेने स्वतः जपलेला कागद पुसणे अवघड असते.

'समलिंग्यांच्या गोष्टी आम्हाला कशाला?' असे विचारणारे आपल्यातही आहेत. त्यांना आम्ही १९३४ सालाची आठवण देतो. र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले ते बाबासाहेब. खटला हरला, पण बाबासाहेब लाजले नाहीत. मग आपण कोणत्या तोंडाने लाजतो? आणि ही माणसे परकी नाहीत. आपल्या वस्तीत, आपल्याच घरात आहेत. जात आणि लिंग, दोन्हींचा मार एकाच पाठीवर घेतात.

आता आपल्या दाराशी येऊ. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, लाखो लोक तुरुंगात गेले. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला. १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून गायरान कसता हे सिद्ध करा, जमीन नावावर होईल. पण सिद्ध कशाने करायचे? दंडाच्या पावतीने, पंचनाम्याने, अतिक्रमणाच्या नोंदवहीतल्या नोंदीने. नोंद करणारा तलाठी कुणाचा, हे आम्ही सांगायला नको. ज्या घरात पत्र्याच्या पेटीत पावती टिकली, त्याचा दावा टिकला. बाकीच्यांच्या दोन-दोन पिढ्यांचा घाम 'अतिक्रमण' ठरला. आज त्याच गायरानावर कधी वृक्षलागवड येते, कधी सौर प्रकल्प. जमीन जपायची, पण कसणाऱ्याला हाकलून! असले जतन आम्हाला मान्य नाही.

'मूकनायक', 'बहिष्कृत भारत' यांचे अंक आज वाचायला मिळतात, कारण ते कुणीतरी जपले. पण तुमच्या तालुक्यातल्या पँथरच्या छावणीचे पत्रक कुठे आहे? जलशाच्या शाहिराची वही कुठे आहे? नामांतराच्या लढ्यात जळालेल्या घरांची यादी कुणाच्या घरी आहे? आजी गेली की तिची पेटी भंगारात जाते, आणि दुसऱ्या दिवशी आपण ब्राह्मणी इतिहासकारांना शिव्या घालतो. त्यांनी आपला इतिहास लिहिला नाही, हा त्यांचा गुन्हा. आपण तो भंगारवाल्याला विकला, हा कुणाचा?

म्हणून जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा स्कॅनरसाठी काढा. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना मोबाइलवर बोलते करा, नाव-गाव-साल लिहून ठेवा. प्रत्येक कागदाच्या प्रती तीन वेगवेगळ्या घरांत ठेवा. विहार, जुना अड्डा, सत्याग्रहाचे मैदान यांचे गट नंबर टिपून घ्या. आणि विकास आराखड्यावर हरकती मागवल्या की ते पुरावे घेऊन हजर राहा. बुलडोझर आल्यावर मोर्चा काढावाच लागतो. पण त्याआधी कागद तयार असला, तर तो बुलडोझर अडवता येतो.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, असे आपण रोज म्हणतो. आता त्याच्या जोडीला जपायलाही शिका.

जयभीम!